देवरावांचे सगळे प्लॉट पूर्वमुखी

मी होकायंत्र बोलतोय. जरा चढ्या आवाजात बोलतोय, कारण इतकी वर्षं हळू बोलून काहीही उपयोग झाला नाही.

मला आयुष्यात एकच गोष्ट येते. मला उत्तर माहीत असतं. तुमच्या प्रश्नांचं नव्हे, दिशेचं. मला गाता येत नाही, फोटो काढता येत नाही, मोबाईलसारखं उद्याचं हवामान सांगता येत नाही. पण मला कुठंही ठेवा, कसंही फिरवा, माझा काटा थोडा थरथरतो, इकडंतिकडं पाहतो आणि उत्तरेला जाऊन उभा राहतो. इतकं साधं काम. या इतक्या साध्या कामातही माणसानं मला खोटं बोलायला लावलं. तेव्हा माणूस काय चीज आहे ते ओळखा. ओळखाल म्हणा, तुम्हीही त्यातलेच.

दिसायला मी बरा आहे. गोल पितळी डबी, वर काच, आत निळ्या टोकाचा काटा. कारखान्यातून बाहेर पडताना एका तपासनिसानं मला टेबलावर ठेवलं, दोनदा फिरवलं आणि "बरोबर आहे" म्हणाला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक.

तिथून मी नागपुरात आलो, सदर भागातल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. शेजारी भिंगं, दुर्बिणी आणि एक थर्मामीटर. हा थर्मामीटर महा बढाईखोर होता. मे महिन्यात तर त्याच्याशी बोलायची सोय नसे. "तुझं काय, एकाच दिशेला तोंड करून बसतोस! माझ्याकडं बघ, मी चढतो!" असं तो मला ऐकवायचा. मी उलट बोललो नाही. आपण खरं सांगतो, ते पुरे, असं मला त्या वयात वाटायचं.

माझे पहिले मालक जितेंद्र साहेब. खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर. त्यांना हिमालयात जायचं होतं. त्यासाठी त्यांनी मला घेतलं, बूट घेतले, पाठीवरची पिशवी घेतली आणि मग सुटी मिळाली तेव्हा सहकुटुंब रामटेकला गेले. तिथं मला एकदाच बाहेर काढलं, गाडी कुठं लावली ते शोधायला. गाडी मला कशी सापडणार? मी उत्तर दाखवली. गाडी चहाच्या टपरीमागं होती. साहेबांनी मला "बेकार आहे" म्हणून खिशात टाकलं.

पुढं मी त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होतो. संपलेले सेल, रबरबँड, जुन्या लग्नपत्रिका आणि मी. माणसाला घरात एक तरी खण असा लागतो, जिथं फेकवत नाही आणि लागतही नाही अशी सगळी मंडळी एकत्र राहतात.

एका दिवाळीच्या आवराआवरीत तो खण उघडला. त्याच वेळी साहेबांच्या नागपुरातल्या फ्लॅटला भाडेकरू मिळवून देणारे देवराव समोर बसून चिवडा खात होते. साहेबांनी मला पुढं केलं. "देवरावभाऊ, तुमच्या कामाचं आहे का हे?"

देवरावांनी मला घेतलं आणि कानाला लावलं.

"बंद दिसते," ते म्हणाले.

"घड्याळ नाही हो, होकायंत्र आहे. दिशा दाखवतं."

देवराव चिवडा खायचे थांबले. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती पाहून मी बावळटासारखा खूश झालो. वाटलं, मिळाला एकदाचा कदर करणारा माणूस!

देवराव म्हणजे प्लॉट, फ्लॅट, दुकान, शेत यांचे एजंट. वर्धा रोडच्या बाजूला झेरॉक्सच्या दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांचं ऑफिस. पाटीवर नाव, 'प्रेमलता रिअल इस्टेट'. प्रेमलता म्हणजे त्यांची बायको. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. लोकांच्या गृहप्रवेशाला जाऊन हा माणूस खरोखर रडायचा. घरमालक विचारायचे, "काय झालं हो?" हे डोळे पुसत म्हणायचे, "काही नाही जी, लय चांगलं झालं." मग आपल्या भाड्याच्या घरी परत जायचे.

पण त्यांची भाषा! मी उत्तर दाखवणारा साधा जीव. मला ती भाषा ऐकून पहिल्या आठवड्यातच चक्कर आली. 'लागून' हा शब्द घ्या. तुमच्या-माझ्या मराठीत भिंतीला भिंत चिकटली की 'लागून'. देवरावांच्या मराठीत विमानतळाला लागून, मेट्रोला लागून, समृद्धी महामार्गाला लागून असा एकच प्लॉट असू शकतो. मी तो प्लॉट पाहिला आहे. तो फक्त सोयाबीनच्या वावराला लागून होता.

दुसरा शब्द 'प्रस्तावित'. प्रस्तावित शाळा, प्रस्तावित बाग, प्रस्तावित दवाखाना. ते विकत होते त्या ले-आउटचं, म्हणजे प्लॉट पाडलेल्या जमिनीचं, नाव 'हरितस्वर्ग, फेज चार'. बुटीबोरीच्या अलीकडं. फेज एक, दोन, तीन कुठं आहेत, हे एकाही ग्राहकानं विचारलं नाही. ते नव्हतेच. चार आकडा ऐकला की लोकांना वाटतं, आधीच्या तीन ठिकाणी लोक सुखानं राहत असतील. हरितस्वर्गात हिरवं म्हणाल तर प्रवेशद्वाराचा रंग.

आणि बाजार? देवरावांच्या तोंडून बाजार कधी पडलेला मी ऐकला नाही. पाऊस चांगला झाला, रेट वाढणार. पाऊस नाही झाला, लोक शहरात येणार, रेट वाढणार. निवडणूक आली, वाढणार. झाली, आता तर वाढणारच. एकदा त्यांची स्कूटर पंक्चर झाली तर ढकलता ढकलता ग्राहकाला म्हणाले, "पाहा, इथं पंक्चरवाला नाही. म्हणजे स्कोप किती आहे!"

हे सगळं मी सहन केलं असतं. शब्द त्यांचे, जीभ त्यांची. पण प्रश्न दिशेचा आला.

नागपुरात प्लॉट पाहायला येणारा माणूस पाणी आहे का, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, "फेसिंग कोणती?" म्हणजे दाराचं तोंड कुठं. पूर्व म्हणजे भाग्य. उत्तर म्हणजे बरकत. पश्चिम चालवून घेता येते. आणि दक्षिण म्हटलं की माणूस चपला शोधायला लागतो. पोराला मार्क कमी पडले, सुनेचं सासूशी पटलं नाही, साहेब चिडला, गुडघा दुखला, सगळ्याचा आरोप दारावर. दारातून आत कोण येतं, ते मात्र कोणी तपासत नाही.

हरितस्वर्गात दक्षिणमुखी प्लॉटांची एक अख्खी रांग पडून होती. ग्राहक येत, देवराव मला तळहातावर ठेवत, मी इमानदारीनं उत्तर दाखवत असे आणि ग्राहक पळत. देवराव मला खिशात टाकताना पुटपुटायचे, "थोडं ॲडजस्ट कर ना गा." ॲडजस्ट! मला!

मग ते कडं आलं.

देवरावांचा रक्तदाब वाढला होता. प्रेमलताबाई कुठल्याशा प्रदर्शनात गेल्या आणि एक चुंबकाचं कडं घेऊन आल्या. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की यानं रक्तदाब, कंबर, ॲसिडिटी आणि वाईट नजर, चारही गोष्टी जातात. जाड, चकचकीत, मनगटावर बसणारं. देवरावांनी ते डाव्या हातात घातलं.

त्याच आठवड्यात गोपाळराव आले. बँकेतून निवृत्त झालेले, सोबत पत्नी यमुताई. त्यांना पूर्वमुखीच हवा होता. देवरावांनी सवयीनं आधी दक्षिणेच्या रांगेतला कोपऱ्याचा प्लॉट दाखवला, एखाद्याचं मन वळलं तर वळलं. रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले, मला उजव्या तळहातावर ठेवलं आणि ऊन फार म्हणून डाव्या हातानं माझ्यावर सावली धरली.

मला आतून कोणीतरी ओढलं. खरं सांगतो, मी झगडलो. पण चुंबकापुढं माझं काही चालत नाही, ती माझ्या जातीची दुखरी जागा आहे. माझा काटा सरकला आणि डावीकडं, कड्याच्या दिशेला, जाऊन टेकला. उत्तर डावीकडं म्हणजे तोंड पूर्वेला.

"पूर्व!" गोपाळराव ओरडले.

देवरावांना स्वतःलाच धक्का बसला. त्यांनी मला पाहिलं, प्लॉटला पाहिलं, वर सूर्याला पाहिलं. भरदुपार होती. दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, तो कोणाच्याच बाजूनं साक्ष देत नाही.

"मोबाईलवर एकदा पाहू का जी?" यमुताई म्हणाल्या.

देवराव तोवर सावरले होते. "मोबाईलचं काय खरं, ताई! त्याचा काटा टॉवरच्या नादी लागते. हे पितळ हाय. पितळ खोटं बोलत नाई."

पितळ खोटं बोलत नाही! हे वाक्य माझ्या छातीवर ठेवून त्यांनी तो प्लॉट विकला. गोपाळरावांनी तिथंच घराचं नाव ठरवलं, 'उदयाचल'.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर देवरावांनी मला समोर ठेवलं आणि कड्याचा हात माझ्याभोवती फिरवला. मी फिरलो. हात उलटा फिरवला, मी उलटा फिरलो. वरणभात निवत होता आणि माझा मालक मला मदाऱ्याच्या माकडासारखा नाचवत होता. मग ते एकटेच हसायला लागले.

"काहून हसून राहिले जी?" प्रेमलताबाईंनी आतून विचारलं.

"काही नाई वं. कड्यानं लय फरक पडला."

त्यानंतर देवरावांचे सगळे प्लॉट पूर्वमुखी झाले. ग्राहक नेहमी भरदुपारी बोलवायचे, आणि डावा हात नेहमी सावली धरायला पुढं. दक्षिणेची रांग भराभर खपली. मी प्रत्येक वेळी आतून ओरडत होतो. पण काचेच्या आतून ओरडणाऱ्याला कोण ऐकतं? माझ्यावर विश्वास होता, म्हणूनच माझ्याकडून फसवता येत होतं. संतापाची गोष्ट ही आहे. भामट्याला भामट्या साक्षीदाराचा उपयोग नसतो, त्याला खरा लागतो.

आता प्रेमलताबाईंचं सांगतो, कारण या गोष्टीत खरं काही पणाला लागलं होतं ते त्यांचं.

लग्न झाल्यापासून बाई भाड्याच्या घरात. घरमालकीण जयवंताबाई वरच्या मजल्यावर राहायची आणि मोटर चालू केली की खिडकीतून ओरडायची, "पाणी कमी वापरा वं, विहीर तुमच्या बापाची नाई!" भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी. देवरावांच्या घरात म्हणूनच कॅलेंडर खुर्चीवर ठेवलेलं असायचं आणि पाहुणे आले की ते मांडीवर घेऊन बसायचे.

"जगाले प्लॉट विकून राहिले," बाई म्हणायच्या, "अन् माह्या नशिबात खिळाही नाई."

पण देवरावांनी एक गोष्ट मनापासून केली होती. हरितस्वर्गातला सतरा नंबरचा प्लॉट त्यांनी बायकोसाठी अडवून ठेवला होता. तो खराखुरा पूर्वमुखी. समोर रुंद रस्ता, बाजूला कडुनिंब. कड्याची गरजच नाही. ते एकटे असले की मला तिथं घेऊन जायचे, कडं काढून खिशात ठेवायचे आणि मला जमिनीवर ठेवायचे. मी उत्तर दाखवायचो. "बरोबर हाय ना गा?" ते विचारायचे. त्या दिवसांत एवढ्या एकाच ठिकाणी मी खरं बोलायचो, म्हणून मलाही सतरा नंबर आवडायचा.

दसऱ्याच्या आधी ले-आउटचा मालक मोहितशेठ ऑफिसात आला. "देखो देवरावभाऊ, सतरा के लिए पार्टी खडी है. लय दिवस झाले. रविवारी साईट व्हिजिट हाय, भाभीजीले आणा. हो म्हटलं तर तुमचा, नाई म्हटलं तर तिथल्या तिथं दुसऱ्याले देतो. मंग माह्यावर नाराज होऊ नका."

देवरावांनी छातीवर हात ठेवला. "शेठ, ती पाहताक्षणी हो म्हणते."

शनिवारी जयवंताबाईंचं आणि प्रेमलताबाईंचं पाण्यावरून असं भांडण झालं की बाईंचं डोकं गरगरायला लागलं. रविवारी सकाळी देवराव आंघोळीला गेले, कडं काढून बेसिनवर ठेवलं. बाईंनी ते पाहिलं. आज आपल्यालाच जास्त गरज आहे असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते उजव्या हातात, बांगड्यांच्या मागं सरकवलं. देवराव घाईत होते. त्यांना वाटलं, विसरलं घरी. आज मोहितशेठचीच माणसं प्लॉट दाखवणार होती, म्हणून चिंता केली नाही.

साईटवर मंडप होता, तर्री-पोहे होते, लाऊडस्पीकर होता. ग्राहकांची बस भरून आली होती. गोपाळराव आणि यमुताईही आले होते, आपला प्लॉट नव्या लोकांना अभिमानानं दाखवायला. देवरावांची मुलगी रितिका मंडपात पोह्यांवर तर्री ओतून घेत होती.

देवरावांनी बायकोला सतरा नंबरवर आणलं. "हा घे तुहा प्लॉट. पूर्वमुखी. कडुनिंब फ्री."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पायानं जमीन दाबून पाहिली. "इथं स्वयंपाकघर," त्या म्हणाल्या. "अन् या भिंतीत मी आधी खिळा ठोकणार हाय." मग थांबल्या. "पण मी स्वतः पाहीन. द्या ते यंत्र. तुमची जीभ कुठीही फिरते, काटा नाई फिरत."

मी त्यांच्या उजव्या तळहातावर गेलो. त्याच हाताच्या मनगटावर कडं होतं. माझा जीव गेला. काटा वळला आणि सरळ त्यांच्या मनगटाकडं, म्हणजे मागं, बोट दाखवून उभा राहिला. उत्तर मागं, तोंड दक्षिणेला.

"अहो," बाई म्हणाल्या, "हे दक्षिण दाखवून राहिलं."

"होईच नाई शकत."

बाई उलट्या वळल्या. मी पुन्हा मनगटाकडं. "इकूनही दक्षिण!" त्या आडव्या वळल्या. "इकूनही! चारी बाजूनं दक्षिण हाय हा प्लॉट!"

लोक पोह्यांच्या प्लेटा घेऊन गोळा झाले. चारी बाजूंनी दक्षिण असलेला प्लॉट कोणी पाहिला नव्हता. बाई तरातरा शेजारच्या प्लॉटवर गेल्या. दक्षिण. पलीकडच्या. दक्षिण. "अवो, अख्खा ले-आउट दक्षिणेत हाय!"

रितिकानं मोबाईल काढला. "आई, यात पूर्व दाखवते ना!"

"ठेव तो! तुहा बाप सांगते ना, मोबाईलचा काटा टॉवरच्या नादी लागते. हे पितळ हाय."

यमुताई लगेच म्हणाल्या, "हाव, आमालेही असंच सांगतलं होतं." मंडपाकडून चारपाच आवाज आले, "आमालेही!"

देवराव घामाघूम. "अरे, बुटीबोरीच्या कारखान्यांत लोखंड किती हाय! त्याची ओढ लागते कधीकधी. रविवारी जास्त."

"रविवारी कारखाने बंद असतात," एक जण म्हणाला.

"म्हणून तर! लोखंड रिकामं बसते ना!"

मोहितशेठनं लाऊडस्पीकर बंद करायला लावला. तो जवळ येऊन बाईंना म्हणाला, "भाभीजी, सतरा नको ना मंग? पार्टी इथंच उभी हाय."

बाईंचा आवाज उतरला. इतका वेळ ओरडणारी बाई हळू बोलायला लागली की फार वाईट वाटतं, अगदी पितळी माणसालाही. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि हळू विचारलं, "इतके वर्षं थांबवलं, अन् मलेही दक्षिणच देऊन राहिले होते का जी?"

देवरावांनी तेव्हा मान खाली घातली आणि त्यांना बांगड्यांच्या मागं ते चकचकीत कडं दिसलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं खालून पाहत होतो. तोंड उघडलं तर धंदा गेला. नाही उघडलं तर सतरा नंबर गेला, आणि त्याहून मोठं म्हणजे बायकोला कायमचं वाटणार की नवऱ्यानं तिलाही फसवलं. एवढ्या माणसांत त्यांनी खरं दिलं होतं ते तिला एकटीला, आणि तेच खोटं ठरत होतं.

"प्रेमा," ते म्हणाले, "हातातलं कडं काढ. अन् यंत्र खाली ठेव."

बाईंनी कडं काढून रितिकाकडं दिलं. मला जमिनीवर ठेवलं. मी थरथरलो, इकडंतिकडं पाहिलं आणि चारचौघांत, भर मंडपासमोर, उत्तरेला जाऊन उभा राहिलो.

"पूर्वमुखी हाय!" रितिका ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. देवरावही हसले. क्षणभर वाटलं, सुटलो सगळे.

गोपाळराव मात्र टाळी वाजवत नव्हते. बँकेतला माणूस. त्यांनी प्लेट खाली ठेवली.

"देवरावजी, एक विचारू का? मी प्लॉट घेतला तवा हे कडं कोणाच्या हातात होतं?"

सगळ्या माना देवरावांकडं वळल्या.

"तुमच्याच ना," यमुताई म्हणाल्या. "डाव्या. सावली धरत होते ना तुमी!"

"बाप्पा, किती काळजी करत होते आपली," गोपाळराव म्हणाले, "ऊन लागू देत नव्हते काट्याले!"

मग जे झालं ते सगळं सांगत नाही. एका गृहस्थानं तर्रीचा डाव उचलला होता, इतकं सांगतो. देवराव मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, पळाले नाहीत. वाद मिटवला प्रेमलताबाईंनी. त्या मध्ये आल्या आणि म्हणाल्या, "गोपाळरावजी, पूर्व तुमाले सांगतली होती, तुमाले पूर्व भेटीन. सतरा नंबर तुमी घ्या. तुमचा तो दक्षिणवाला आमी घेतो."

"प्रेमा!" देवराव म्हणाले.

"चूप बसा. तुमी दक्षिण विकली, आता दक्षिणेत राहा." मग कडुनिंबाकडं एकदा पाहिलं आणि पुढं म्हणाल्या, "मले तोंड कुठीही चालते. भिंत माही पायजे."

बाकीच्यांसाठी देवरावांना मला घेऊन, मोकळ्या हातानं, दारोदार फिरावं लागलं. ज्यांना प्लॉट बदलून हवे होते, त्यांचे बदलायला मोहितशेठला भाग पाडलं. काहींनी बदलले, काहींनी शिव्या देऊन ठेवून घेतले. एकाचं घर तर उभंही राहिलं होतं, दारावर 'सूर्योदय' कोरलेलं. तो म्हणाला, "राहू द्या हो. घरात बढती झाली, नातू झाला. आता दिशेले काहून नाराज करा?"

आज मी देवरावांच्या त्या दक्षिणमुखी घराच्या खिडकीत बसलेला असतो. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, खिळ्यावर. बाईंनी घर झाल्याच्या दिवशी तो खिळा स्वतः ठोकला, वाकडा गेला, आणि त्यांनी कोणालाही तो सरळ करू दिला नाही. देवराव त्या दिवशी रडले. या वेळी कोणी "काय झालं" म्हणून विचारलं नाही. कडं फ्रिजच्या दारावर चिकटलेलं असतं, गॅसची पावती धरून. त्याला शेवटी लायकीचं काम मिळालं.

आणि आता गंमत ऐका. नागपुरात उन्हाळ्यात सगळ्याच दिशा सारख्या भाजतात. पण थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. गोपाळरावांच्या पूर्वेच्या ओट्यावरचं ऊन त्यांचा पेपर वाचून व्हायच्या आत निघून जातं. देवरावांच्या ओट्यावर ते संध्याकाळपर्यंत पाय पसरून बसतं. म्हणून थंडी पडली की गोपाळराव स्वेटर, पेपर आणि खुर्ची घेऊन इकडंच येतात. मागून यमुताई मटार सोलायला. आधी महिनाभर कोणी देवरावांशी बोलत नव्हतं, नुसतं उन्हात बसत होते.

परवा गोपाळरावांनी पेपर घडी करून विचारलं, "देवरावजी, तुमच्या या लायनीत एखादा दक्षिणमुखी शिल्लक हाय का गा? जावयासाठी पाहत होतो."

देवराव खुर्चीत ताठ बसले. डोळ्यांत ती जुनी चमक. "हाय ना जी! एकच उरला. थंडीत दिवसभर ऊन! अन् एअरपोर्टले अगदी लागून..."

आतून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

देवरावांनी घसा साफ केला. "लागून नाई," ते म्हणाले. "दूर हाय. बरंच दूर हाय."

"अन् रेट? वाढणार का?"

देवरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? मला फक्त उत्तर माहीत आहे. शेवटी ते म्हणाले, "मले नाई माहीत." हे वाक्य एका प्रॉपर्टी एजंटच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. गोपाळरावांनी तो प्लॉट लगेच पाहायला मागितला.

मला घेऊन दोघं निघाले. गोपाळरावांनी आधी देवरावांच्या दोन्ही बाह्या वर करून मनगटं तपासली, मग स्वतःचीही दाखवली.

वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. घर घ्या, दार हवं तिकडं ठेवा. उत्तर माझ्याकडं आहे, आणि ते मी कोणालाही फुकट देईन. फक्त विचारायला याल तेव्हा बाह्या वर करून या.